तिसऱ्या बरणीतली शिंपली

बाई रोज सकाळी दात घासताना कर्नाळ्याच्या सुळक्याला रागवायच्या. एका हातात ब्रश, दुसरा कंबरेवर, तोंडात फेस. "निर्लज्ज! बघा कसा उभा आहे! एवढं करून सवरून वर अंगठा दाखवतोय!"

नवीन पनवेलला तिसऱ्या मजल्यावर त्यांचं घर. गॅलरीतून तो सुळका समोर दिसतो. मी कामाला लागले त्या पहिल्या दिवशी मला वाटलं, समोरच्या बिल्डिंगमधल्या कुणाशी भांडण चाललंय. मी भांड्यांचा साबण हातात घेऊनच डोकावले. समोर कुणी नव्हतं. नुसता डोंगर.

"कुणाला बोलताय बाई?"

"त्याला. खुनी आहे तो."

मग त्यांनी चूळ भरली आणि मला नीट समजावलं. हा सह्याद्रीचा सगळा काळा दगड एके काळी पातळ होता. जमिनीला भेगा पडल्या आणि तो उतू गेलेल्या वरणासारखा बाहेर सांडत राहिला. त्याच्याबरोबर वायू आले. ते हवेत गेले, हवेतून समुद्रात विरघळले, आणि समुद्र आंबला. शंखशिंपले चुन्याचे असतात. आंबट पाण्यात चुना टिकत नाही.

"आणि माझे शंख गेले," बाई म्हणाल्या.

"तुमचे?"

"माझेच. दुसरं कोण आहे त्यांना?"

मग त्यांनी आवाज खाली आणला, जसं काही डोंगर ऐकेल. "खरं सांगायचं तर मुख्य आरोपी हा नाही. तो आकाशातून पडला, भला मोठा धोंडा. हा साथीदार. किती दोषी, त्यावर मोठी माणसं अजून भांडतात. पण धोंडा काही आपल्या गॅलरीतून दिसत नाही, म्हणून यालाच बोलायचं."

विमानतळाच्या कामात एक टेकडी फोडून सपाट केली, तेव्हा बाई म्हणाल्या, "चला, एकाला शिक्षा झाली." संध्याकाळी चहा पिताना त्यांना एकदम वाईट वाटलं. "पण बिचारीची बाजू कुणी ऐकूनच घेतली नाही गं."

बाई कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून रिटायर झालेल्या. लग्न केलं नव्हतं. वय सत्तरीच्या पुढे, उंची माझ्या खांद्याला, आवाज मात्र शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. मला कामावर ठेवताना त्यांनी पगाराच्या आधी विचारलं, "शिक्षण?"

"चौथी."

"तुकडी कोणती?"

"तुकडी नव्हती. एकच खोली होती. पहिली ते चौथी सगळी त्यातच."

"म्हणजे अ," बाई म्हणाल्या, आणि तेव्हापासून मी चौथी अ झाले. जिन्यातून हाक, "चौथी अ, गॅस बंद केलास का?" भाजी बाजारात हाक, "चौथी अ, कोथिंबीर विसरलीस!" सगळा बाजार माझ्याकडे बघायचा. मला चार माणसांत बोलता येत नाही. लहानपणापासून तसंच. रेशनच्या दुकानात माझा नंबर आला तरी मी मागच्या बाईला पुढे जाऊ देते. पण त्या हाकेची सवय झाली. पुढे पुढे तर कुणी नुसतं नावानं बोलावलं की दुसऱ्याच कुणाला हाक मारल्यासारखं वाटायचं.

त्यांच्या स्वयंपाकघरात काय सापडेल ते सांगता यायचं नाही. एकदा सकाळी वाटी उचलली तर आत अंडं, पण त्याला कवचच नाही. पांढरं, लिबलिबीत, हात लावला तर चेंडूसारखं डुलायला लागलं. मी किंचाळले.

"ओरडू नकोस, त्याला लाज वाटेल," बाई आतून म्हणाल्या. "व्हिनेगरमध्ये ठेवलं होतं. कवच विरघळलं. आता विचार कर, सगळ्या समुद्राचं असं झालं तर?"

मी विचार काय करणार? मी विचारलं, "ह्याची भुर्जी करायची का?"

एकदा सोसायटीत हळदीकुंकू होतं. गार सरबत देत होते. बाईंनी हट्टानं उन्हात ठेवलेली सोड्याची बाटली मागवली आणि मधोमध उभ्या राहिल्या. "पाणी तापलं की त्यात वायू राहात नाही. श्वासाचा वायूसुद्धा. ह्या डोंगराच्याही कितीतरी आधी एकदा समुद्र असा तापला. एकीकडे श्वास निघून चाललेला, दुसरीकडे हवेत धूर इतका की तो वरून आत घुसतोय. म्हणजे कोंदट आणि आंबट, दोन्ही. समुद्रातले बहुतेक सगळे जीव गेले." एवढं बोलून त्यांनी बाटली उघडली. सोडा उसळला तो थेट सेक्रेटरींच्या बायकोच्या पैठणीवर. बायका किंचाळत पळाल्या. बाई शांतपणे म्हणाल्या, "तुम्हाला पळायला जागा तरी होती."

पैठणीवाल्या काकू महिनाभर बोलत नव्हत्या. मग त्यांच्या नातवाच्या विज्ञानाच्या पेपरात नेमका सोड्याचा प्रश्न आला, आणि त्या तिळाच्या वड्या घेऊन वर आल्या.

बाईंना खरं समुद्राचं पाणी लागायचं. ते आणायचं काम माझं, कारण माझं माहेर मोरा बंदराजवळ. महिन्यातून एकदा मी आईला भेटायला जायची आणि येताना पाच लिटरचा कॅन भरून आणायची. बसमध्ये कंडक्टरनं विचारलं, "दारू हाय काय?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

"मग काय हाय?"

"पाणी."

"मोऱ्याशी पानी नेतेस? पनवेलला पान्याचे एवढे वांधे हायेत?"

सगळी बस हसली. शेजारच्या म्हातारीला वाटलं तीर्थ आहे. तिनं हात पुढे केला. मला नाही म्हणता येईना. मी झाकण उघडून ओंजळीत थोडं ओतलं. तिनं ते डोळ्यांना लावलं, डोक्यावर घेतलं आणि उरलेलं प्यायली. तिचं तोंड असं काही झालं की मी पुढच्या थांब्यावर उतरले आणि दुसऱ्या बसनं आले.

बाईंना हे सांगितलं तर त्या हसून हसून ओट्यावर वाकल्या. मग विचारलं, "तुला पाण्याची चव घेऊन कळतं का काही?" मी म्हटलं, मला नाही, पण माझे वडील मिठागरात होते, ते बोट बुडवून जिभेला लावायचे आणि मीठ कधी धरेल ते सांगायचे. बाईंनी हसणं थांबवलं. "म्हणजे तू प्रयोगशाळेत वाढलीस," त्या म्हणाल्या. वडिलांना असं कुणी म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

आता बरण्यांबद्दल सांगते, कारण सगळा घोळ तिथे झाला.

गॅलरीच्या कट्ट्यावर लोणच्याच्या तीन काचेच्या बरण्या. पहिलीत नुसतं समुद्राचं पाणी. दुसरीत त्यात व्हिनेगरचे थोडे थेंब. तिसरीत जास्त थेंब. प्रत्येकीत आमच्या खाडीची एकेक रिकामी शिंपली. "खरा समुद्र एवढा आंबट होत नाही, चौथी अ," बाई म्हणायच्या. "तिथे फरक चिमूटभर असतो आणि त्याला हजारो वर्षं मिळतात. मला तेवढा वेळ नाही, म्हणून मी थेंब वाढवलेत." दर शुक्रवारी शिंपल्या काढायच्या, पुसायच्या आणि सोनाराकडे असतो तसल्या छोट्या काट्यावर वजन करायचं. बाईंना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि ऑपरेशनला ठाम नकार. म्हणून आकडे मी वाचायची आणि त्या मोठ्या अक्षरात वहीत लिहायच्या.

एका बुधवारी मी तिसरी बरणी पुसत होते. शिंपली काचेला चिकटल्यासारखी वाटली म्हणून बोटानं सोडवायला गेले, तर ती तांदळाच्या पापडासारखी मोडली.

आधी कळंबोलीला एका घरी कपाचा नुसता कान मोडला म्हणून मला काढून टाकलं होतं. ही तर बाईंची शिंपली. मी तुकडे पदराला बांधले. घरी तुळशीपाशी आईनं दिलेल्या शिंपल्यांची टरफलं पडली होती. त्यातली साधारण तेवढीच निवडली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बरणीत सोडली.

शुक्रवारी मी आकडा वाचला. बाई म्हणाल्या, "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचला. त्यांनी काटा पुसायला लावला, तिसऱ्यांदा वाचायला लावलं. मग त्या खाली फरशीवर बसल्या.

"वाढली," त्या म्हणाल्या. "आंबट पाण्यात वाढली! रिकामी शिंपली! अगं, हिनं चुना कुठून धरला? सगळं मरतं तेव्हा एखादी कशी वाचते, त्याची काहीतरी खूण आहे ही!"

आणि सत्तरी ओलांडलेल्या त्या बाईनं उठून माझे ओले हात धरले आणि स्वयंपाकघरात फुगडी घातली. चार फेरे. पाचव्याला आम्ही फ्रीजवर आपटलो.

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी तोंड उघडलंसुद्धा. बाहेर आलं ते, "चहा ठेवू?"

पुढचे शुक्रवार आकडा खाली जायला लागला. बाईंनी जेवण टाकलं. कर्नाळ्याला रागवायचंही सोडलं, नुसता ब्रश तोंडात धरून उभ्या राहायच्या. "हरली गं बिचारी," म्हणायच्या. मला ते बघवेना. मी पुन्हा शिंपली बदलली. पुन्हा आनंद, पुन्हा फुगडी. काही आठवड्यांनी पुन्हा एकदा. पहिली मी भीतीनं बदलली, पुढच्या दोन मायेनं. मायेनं केलेली चूक जास्त नीटनेटकी होते. वजनाला शोभेल अशी अगदी निवडून ठेवायची. पण एक सांगते, आकडा मी एकदाही खोटा वाचला नाही. शिंपली खोटी होती, आकडा खरा.

काढलेल्या शिंपल्या टाकवल्या नाहीत. मोडलेलीचे तुकडेसुद्धा. सगळं हिंगाच्या रिकाम्या डबीत घालून मी बाईंच्याच स्वयंपाकघरात वरच्या फळीवर मागे सारलं होतं.

आणि एक दिवस बाईंनी पुण्याला फोन लावला. तिथे त्यांच्या कॉलेजातले जुने सर राहतात. त्यांनी एकदा बाईंना म्हटलं होतं, "प्रयोगशाळा सुटली की शास्त्र सुटलं. स्वयंपाकघरात लोणचं होतं, शास्त्र नाही." ते वाक्य बाई भांडी आपटत मला आठवड्यातून एकदा तरी ऐकवायच्या. फोनवर त्या म्हणाल्या, "सर, सर्वपित्री अमावस्येला जेवायला या. तुम्हाला एक शिंपली दाखवायची आहे." फोन ठेवल्यावर त्यांनी कपाटातली कोरी साडी काढून मला विचारलं, "ही बरी दिसेल ना गं?"

सर आले की दहा मिनिटांत ओळखणार, आणि बाईंच्या इतक्या वर्षांच्या कामाची फजिती होणार. ती माझ्यामुळे.

मी आईला जाऊन सांगितलं. आई कोलीम, जवळ्यासारखी बारीक कोळंबी, निवडत होती. वर न बघता म्हणाली, "बोल, नायतर गप रव. मधी लटकू नको." मी मध्येच लटकून राहिले.

सर्वपित्रीचं जेवण बाईंकडे दरवर्षी असायचं. घरच्यांसाठी नव्हे, समुद्रातल्या त्या गेलेल्या जिवांसाठी. "ज्यांची तिथी माहीत नसते त्यांचं सर्वपित्रीला करतात ना? मग ह्यांची तिथी कुणाला माहीत आहे?" त्यांच्या देव्हाऱ्यात एकच शाळिग्राम होता, एका बाजूनं फुटलेला. आत मेंढ्याच्या शिंगासारखा वळलेला शंख स्पष्ट दिसायचा. तो पानासमोर ठेवायचा. पहिल्या वर्षी गुरुजी म्हणाले होते, "अहो, शाळिग्राम म्हणजे विष्णू. देवाचं श्राद्ध घालतात का?"

"मेल्यावर देव झाला तो. आधी शंखच होता."

"बरं, गोत्र?"

"गोत्र कुणाला ठाऊक?"

"मग काश्यप धरतो," गुरुजी म्हणाले. तेव्हापासून सगळे शंख काश्यप गोत्राचे.

त्या वर्षी गच्चीत पान ठेवलं. खीर, वडे, गवार-भोपळा, अळूची वडी, कढी. गुरुजी, पैठणीवाल्या काकू, पुण्याचे सर, बाई, आणि मागे डाव घेऊन मी. टाकीवर कावळा होता. पानाकडे बघत होता, पण येत नव्हता. आणि कावळा शिवल्याशिवाय कुणी जेवायचं नाही.

बराच वेळ गेला. गुरुजी म्हणाले, "काही इच्छा राहिली असेल. शब्द द्या."

बाईंनी हात जोडले. "शंखांनो, मी मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घेते."

कावळ्यानं मान वळवली.

काकू म्हणाल्या, "मी निर्माल्य खाडीत टाकणार नाही. पिशवीसकट तर नाहीच."

कावळ्यानं पंख खाजवला.

सर म्हणाले, "मी साखर सोडतो."

"तुमच्या साखरेशी त्यांचा काय संबंध?" बाई म्हणाल्या.

"भूक लागलीय हो! गोळी घेऊन बसलोय मी!"

मला तेव्हा खात्री पटली. कावळा टाकीवरून माझ्याचकडे बघत होता. त्याला कुणाच्या साखरेचं काही नव्हतं. मग मी ठरवलं, माणसांना नाही सांगता येत, ह्याला तर सांगू. मी पुढे झाले, पानाजवळ वाकले आणि अगदी हळू, कुजबुजत म्हणाले, "शिंपली मी बदलली."

नेमकं त्याच वेळी सगळे श्वास धरून कावळ्याकडे बघत होते. गच्चीत टाचणी पडली तरी ऐकू आली असती.

कावळा उडाला, पानावर उतरला आणि वडा घेऊन गेला.

"शिवला! शिवला!" गुरुजी ओरडले. "चला, पानं वाढा!"

कुणी हललं नाही.

"चौथी अ," बाई म्हणाल्या. "कावळ्याला काय सांगितलंस?"

मी डावाकडे बघत राहिले.

"मोठ्यानं."

"तिसऱ्या बरणीतली शिंपली मी बदलली. तीनदा."

सर आधी हसले. "म्हणजे शेवटी लोणचंच झालं म्हणा की!" कोऱ्या साडीचा पदर बाई बोटानं गुंडाळत होत्या, सोडत होत्या. तेवढं मला दिसलं आणि मी जिना उतरून पळाले. चप्पल घालून सरळ घरी जायचं मनात होतं. पण दारातून परत फिरले, हिंगाची डबी काढली आणि वर जाऊन बाईंच्या हातात दिली. म्हटलं, हे त्यांचं आहे, त्यांच्यापाशी असू दे.

बाईंनी डबी उघडली. आधी वास घेतला. मग एक शिंपली अलगद काढून उन्हात धरली.

"सर, तुमचे डोळे चांगले आहेत. काय दिसतं?"

सरांनी चष्मा वर केला. "तुमचं बोट दिसतं."

"कशातून?"

"शिंपलीतून." सरांचं हसू थांबलं होतं. "किती दिवसांत झाली ही?"

"चौथी अ, वही!"

मग ती दोघं गच्चीत जमिनीवरच बसली. वही मध्ये, वड्यांची ताटली मांडीवर. बाई विचारायच्या, "ही कोणत्या शुक्रवारनंतर घातलीस?" आणि मी सांगायची. चार माणसांत. मला सगळे शुक्रवार आठवत होते. सर प्रत्येक बदलाच्या जागी आडवी रेघ मारत गेले. रेघ ते रेघ प्रत्येक वेळी आकडा खालीच उतरत गेला होता. माझ्यामुळे एका शिंपलीऐवजी चार शिंपल्यांची साक्ष झाली होती, आणि चारही झिजल्या होत्या. वाचलेली अशी एकही नव्हती.

बाईंनी त्या रेघांवरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "जुन्या समुद्रांत एवढंच नव्हतं, सर. शिंपली बदलून देणारी बाई." थोड्या वेळानं त्यांनी खाडीच्या बाजूला पाहिलं, जरी त्यांना तितकं लांबचं दिसत नव्हतं. "आताच्याही समुद्रात नाही."

आणि एकदम त्यांना काहीतरी आठवलं. त्यांचे खांदे हलायला लागले. "फुगडी!" त्या म्हणाल्या. "सर, मी हिच्याबरोबर फुगडी घातली! तीनदा! आणि ही, हीच, तोंड मिटून घालत होती!" मग त्या हसल्या ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. काकू हसल्या, गुरुजी हसले, सरांना ठसका लागला. मी डाव तोंडावर धरून हसले.

उतरताना सर म्हणाले, "स्वयंपाकघरात शास्त्र होतं, मान्य. पण मदतनीस चांगली मिळाली तुम्हाला."

"मदतनीस नाही, सहकारी," बाई म्हणाल्या. "आणि साखर सोडलीत तुम्ही. खीर परत ठेवा."

शब्द दिला होता म्हणून बाईंनी ऑपरेशन करून घेतलं. पट्टी काढल्यावर गॅलरीत आल्या, ब्रश घेऊन उभ्या राहिल्या, आणि चक्क गप्प. "अगंबाई," त्या म्हणाल्या, "हा एवढा देखणा आहे?" दोन दिवस सुळक्याला काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सुरू. "देखणा असलास म्हणून काय झालं?"

आता बाई बहिणीकडे नागपूरला असतात. गुडघ्यांमुळे तीन मजले होईनात. जाताना त्यांनी तिसरी बरणी, काटा आणि वही मला दिली. बरणी माझ्या खिडकीत आहे. नवरा रोज विचारतो, "लोणचं मुरलं का?"

दर शुक्रवारी सकाळी फोन येतो. "चौथी अ, आकडा?" मी आकडा वाचते. कालच्या शुक्रवारी तो फारच खाली आला होता. शिंपली उजेडात धरली तर तिच्यातून माझं बोट दिसत होतं. आदल्याच दिवशी मोऱ्याहून आणलेल्या ताज्या शिंपल्या बाजूला टोपलीत होत्या.

"बदललीस का?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"बदलावीशी वाटली?"

मी टोपलीकडे पाहिलं. "वाटली."

"मग तेही लिही," बाई म्हणाल्या.

वहीत आकड्यापुढे जागा थोडी होती, म्हणून हे सगळं मागच्या पानांवर लिहिलं.